हृदय थांबवतात ते जपण्यासाठीच

पत्र थोडक्यात: माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ६२ वर्षांचे आहेत. घरची ऊसशेती आहे. गेले काही महिने चढावर दम लागायचा, एकदा बांधावरच चक्कर येऊन पडले. तपासणीत महाधमनीची झडप आकसलेली निघाली, थोडी गळतेही. शिवाय दोन रक्तवाहिन्यांत ब्लॉक आहेत. झडप बदलायची आणि त्याच वेळी बायपास करायचा असं ठरलंय. सर्जन म्हणाले, "साधारण दीड तास हृदय बंद ठेवावं लागेल." तेव्हापासून घरात कुणाला झोप नाही. आई एकच विचारते, बंद केलेलं काळीज परत चालू झालंच नाही तर? नर्सिंग शिकणारा मावसभाऊ म्हणतो, हृदय बंद करायला पोटॅशियम देतात आणि रक्तातलं पोटॅशियम वाढलं की माणूस दगावतो. काका म्हणतात, दुसऱ्या हॉस्पिटलात हृदय चालू ठेवूनच ऑपरेशन करतात, तिकडे हलवू. आबांना शुगर आहे, तंबाखूची सवय आहे, ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) ४५ आहे. आम्ही काय करावं?
— एक वाचक, कराड तालुका

प्रिय ताई,

आईंच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याच पोटात आहेत. मी बरीच वर्षं हृदयशस्त्रक्रियेच्या थिएटरमध्ये परफ्युजनिस्ट म्हणून काम केलं. हार्ट-लंग मशीन चालवायचं आणि हृदय थांबवणारं द्रावण सर्जन सांगतील तेव्हा, सांगतील तेवढं सोडायचं, हे आमचं काम. तुम्हाला ज्या दीड तासाची धास्ती बसली आहे, तो सबंध दीड तास आम्ही त्या एका स्नायूच्या राखणीत घालवतो. ती राखण कशी करतात हे तुम्हाला नीट कळलं, तर आईंना काय सांगायचं ते तुमचं तुम्हालाच सुचेल.

झडप बदलायची तर महाधमनी उघडावी लागते. ती उघडायच्या आधी हृदयाच्या थोडं वर तिला चिमटा लावतात. थिएटरमध्ये त्याला नुसतं "क्लॅम्प" म्हणतात. चिमट्याच्या पलीकडे मेंदू, किडन्या, लिव्हर, सगळ्या शरीराला मशीन रक्त पुरवत असतं. अलीकडे राहतं फक्त हृदय. हृदयाला स्वतःचं रक्त मिळतं ते महाधमनीच्या अगदी बुंध्यातून फुटणाऱ्या दोन कॉरोनरी वाहिन्यांतून, आणि तो बुंधा आता चिमट्याच्या अलीकडे अडकलेला असतो. म्हणजे क्लॅम्प बसल्या क्षणापासून हृदयाचा पुरवठा तुटतो.

आता या स्नायूची भूक बघा. धडधडणारं हृदय दर १०० ग्रॅम वजनामागे मिनिटाला ८ ते १० मिलिलिटर ऑक्सिजन खातं. येणाऱ्या रक्तातला जवळपास तीन चतुर्थांश ऑक्सिजन ते एरवीच ओढून घेतं, त्यामुळे अडीअडचणीला जास्त काढून घ्यायला मागे फारसं उरलेलंच नसतं. पुरवठा तुटल्यावरही ते धडधडत राहिलं तर पेशींमधला ऊर्जेचा साठा काही मिनिटांत उतरणीला लागतो आणि पुढे पेशी मरायला लागतात. हार्ट ॲटॅकमध्ये नेमकं हेच होतं. पण तेच हृदय थांबवलं तर त्याची गरज एकदम एक मिलिलिटरच्या आसपास येते, म्हणजे सुमारे ९० टक्के भूक नुसत्या थांबण्याने मिटते. वर ते २० अंशांच्या आसपास थंड केलं की गरज आणखी उतरते, ०.३ मिलिलिटरच्या घरात.

आबांना हे एका वाक्यात सांगता येईल. विहिरीचं पाणी तुटलं की जाणता शेतकरी मोटर आधी बंद करतो, कारण कोरडी चालवली तर ती जळते. हृदय बंद करायचं कारण हेच आहे. सर्जनच्या हाताखाली ते हलू नये ही सोय त्यातून मिळतेच, पण ती दुय्यम.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते सांगते, कारण न पाहिलेल्या गोष्टीची भीती जास्त असते. आधी आबांना पूर्ण भूल दिलेली असते. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, मग नळ्या जोडून "पंपावर", म्हणजे हार्ट-लंग मशीनवर, घेतात. हृदय रिकामं, सैल होतं. भूलतज्ज्ञ, सर्जन, मी, सगळे एकमेकांना मोठ्याने सांगत असतो. क्लॅम्प बसतो. सर्जन म्हणतात, "प्लेजिया द्या." प्लेजिया म्हणजे हृदय थांबवणारं द्रावण. बुंध्यात टोचलेल्या बारीक सुईतून थंड द्रावण आत जाऊ लागतं. महाधमनीचा बुंधा बोटाखाली ताठ होतो, त्यावरून कळतं की दाब बरोबर लागलाय. ईसीजीच्या पडद्यावरचे ठोके रुंद होत जातात, विरळ होतात, आणि साधारण मिनिटभरात रेघ सरळ होते. हृदय मऊ, शिथिल पडतं. त्याच्या भोवती बर्फाचा चुरा मिसळलेलं सलाईनही बरेच जण ओततात. मी घड्याळ सुरू केलेलं असतं. पुढचा डोस ठरलेल्या वेळेला मिळायलाच हवा, म्हणून "पंधरा मिनिटं झाली सर," "वीस मिनिटं झाली सर" असं आम्ही पुकारत राहतो, आणि सर्जन टाका अर्धा ठेवून का होईना, थांबतात. ईसीजीवर बारीकशी थरथर दिसली तरी वेळ व्हायच्या आधी डोस जातो. थरथरणारं हृदयही खातंच.

तर हे द्रावण म्हणजे मावसभावाने सांगितलेलं पोटॅशियम. त्याचं म्हणणं चूक नाही, अर्धं आहे. रक्तात पोटॅशियम लिटरला ४ मिलिमोलच्या आसपास असतं आणि पेशीच्या आत सुमारे १४०. या फरकावरच हृदयाच्या पेशीचा विजेचा खेळ चालतो. पेशीबाहेरचं पोटॅशियम १६ ते २० वर नेलं की पेशी पुढचा ठोका सुरूच करू शकत नाही आणि शिथिल अवस्थेत थांबते. वॉर्डातल्या पेशंटच्या सबंध रक्तात पोटॅशियम एवढं चढलं तर तो जातो, कारण त्याच्या हृदयाची जागा घ्यायला दुसरं काही नसतं. इथे पंप ते काम करत असतो, पोटॅशियम जवळजवळ सगळं कॉरोनरी वाहिन्यांपुरतं जातं, आणि क्लॅम्प काढला की ताजं रक्त त्याला धुऊन नेतं. शरीरात थोडं मिसळतंच, म्हणून दर थोड्या वेळाने रक्ताचा नमुना तपासतो आणि वाढलेलं दिसलं तर काढून टाकायची सोय मशीनवरच असते.

द्रावणाची ही मात्रा सहज सापडलेली नाही, आणि हा इतिहास तुमच्या आबांशी थेट जोडलेला आहे म्हणून सांगते. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनवर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयाच्या पडद्यातलं छिद्र बंद केलं. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, लंडनच्या डेनिस मेलरोझ यांनी पोटॅशियम सायट्रेट देऊन हृदय थांबवायची पद्धत मांडली. कल्पना बरोबर होती, पण द्रावण फार तीव्र होतं. त्यानेच स्नायूला इजा होते असं दिसू लागलं आणि १९६० च्या सुमारास बहुतेकांनी ती पद्धत सोडली. पुढची दहा-बारा वर्षं कुणी नुसतं थंड करून काम भागवलं, कुणी क्लॅम्प काढ-घाल करत, कुणी हृदय थरथरतं ठेवून. आणि मग १९७२ मध्ये ह्यूस्टनच्या डेंटन कूली यांनी एका भयंकर अनुभवाला नाव दिलं: दगडी हृदय. शस्त्रक्रिया उत्तम झालेली, पण क्लॅम्प काढल्यावर हृदय आवळलेल्या मुठीसारखं कडक, आणि काही केल्या सैल होत नाही. ऊर्जा पूर्ण संपली की स्नायू शिथिलही होऊ शकत नाही, कारण शिथिल व्हायलाही ऊर्जा लागते. हे विशेष करून जाड झालेल्या हृदयांत दिसलं, म्हणजे आकसलेल्या झडपेमागे वर्षानुवर्षं जोर लावून भिंती फुगलेल्या हृदयांत. आबांचं हृदय याच जातीचं आहे. इको रिपोर्टमध्ये "एलव्हीएच" (डाव्या कप्प्याची भिंत जाड) अशी नोंद बहुधा असेल, बघा.

त्या धक्क्यानंतर सगळ्यांनी हृदयाच्या स्नायूच्या राखणीकडे नव्याने पाहिलं. १९७३ मध्ये अमेरिकेत गे आणि एबर्ट यांनी दाखवलं की पोटॅशियमच द्या, पण कमी तीव्रतेचं द्या. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात हर्स आणि ब्रेमब्रिज यांनी प्रयोगशाळेत एकेक घटक पारखून द्रावण बनवलं, पोटॅशियम १६ आणि मॅग्नेशियमही १६ मिलिमोल, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यात ते पेशंटसाठी वापरात आलं. आजही आपल्याकडे कित्येक थिएटरांत "सेंट थॉमस" हा शब्द रोज ऐकू येतो. जर्मनीत ब्रेटश्नायडर यांनी वेगळा रस्ता धरला: द्रावणात सोडियम अगदी कमी आणि आम्लता शोषणारं हिस्टिडीन भरपूर, एकदा दिलं की बराच वेळ पुरणारं. १९७८ च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या बकबर्ग यांच्या गटाने पेशंटचंच रक्त चार भाग आणि द्रावण एक भाग असं मिश्रण आणलं, म्हणजे थांबलेल्या हृदयाला ऑक्सिजनही मिळतो. नव्वदच्या दशकात पिट्सबर्गला पेद्रो डेल निडो यांनी लहान मुलांसाठी उलटं प्रमाण घेतलं, एक भाग रक्त आणि चार भाग द्रावण, त्यात लिडोकेन, मॅनिटॉल, मॅग्नेशियम. त्याचा एक डोस तासभर किंवा थोडा जास्तही पुरतो. हल्ली मोठ्या माणसांतही ते खूप वापरतात. सारखं थांबावं लागत नाही याचं सर्जनला मोठं सुख.

एवढी नावं सांगितली ती तुम्ही द्रावण निवडावं म्हणून नव्हे. कोणतं द्रावण वापरतात यावरून हॉस्पिटल निवडू नका. यातलं प्रत्येक द्रावण नीट दिलं तर चांगलं काम करतं, आणि चांगलं द्रावण हलगर्जीपणाने दिलं तर काही उपयोग नाही. टीमला ज्याची सवय आहे ते त्या टीमच्या हातात सर्वांत चांगलं, असं माझं ठाम मत आहे.

खरी कसोटी आहे ती द्रावण आबांच्या हृदयाच्या कानाकोपऱ्यात पोहोचवण्याची, आणि इथे त्यांच्या तिन्ही गोष्टी आडव्या येतात. झडप गळते, म्हणून बुंध्यातून सोडलेलं द्रावण कॉरोनरीत जाण्याऐवजी काही प्रमाणात उलटं डाव्या कप्प्यात गळतं. तो कप्पा फुगला तर आतल्या थराचं नुकसान. वाहिन्यांत ब्लॉक आहेत, म्हणून जे द्रावण कॉरोनरीत जाईल ते ब्लॉकपलीकडे कमी पोहोचेल. आणि भिंत जाड आहे, म्हणून सर्वांत आतला थर सर्वांत उशिरा भिजणार.

यावर उपाय आहेत आणि ते रोजचे आहेत. पहिला डोस बुंध्यातून दिल्यावर महाधमनी उघडून दोन्ही कॉरोनरींच्या तोंडाशी छोट्या मऊ टोकाची नळी धरून थेट द्रावण देतात. दुसरा मार्ग उलट दिशेचा: हृदयाच्या शिरांचं रक्त जिथे गोळा होतं त्या कॉरोनरी सायनसमध्ये, उजव्या कप्प्यातून, फुगा असलेली नळी घालतात आणि शिरांकडून मागे द्रावण ढकलतात. तिथे ब्लॉक आडवे येत नाहीत. दाब मात्र ४० मिलिमीटर पाऱ्याच्या आत ठेवायचा, ती शीर नाजूक असते. या मार्गाने हृदयाची उजवी बाजू तेवढी चांगली भिजत नाही, म्हणून एकट्या याच्यावर विसंबत नाहीत. आणि तिसरा मला फार आवडणारा: पायातून काढलेली शीर ब्लॉकच्या पुढे आधी शिवून घेतात, आणि पुढचा डोस त्या नव्या शिरेतूनच सोडतात. ज्या भागाला इतके महिने पोटभर रक्त मिळालं नव्हतं, त्याला पहिल्यांदा पुरवठा होतो तो असा, थांबलेल्या अवस्थेतच. म्हणून अशा जोड-ऑपरेशनात बरेच सर्जन बायपासचे खालचे टाके आधी घालून घेतात आणि झडपेकडे मग वळतात.

आता आईंचा प्रश्न: परत चालू होतं का? झडप बसली, महाधमनी शिवली, आतली हवा काढली की काही जण शेवटी कोमट रक्ताचा एक डोस देतात, म्हणजे पेशी कामाला लागायच्या आधी थोडं सावरतात. मग क्लॅम्प निघतो. गरम रक्त कॉरोनरीत शिरतं, पोटॅशियम धुतलं जातं, आणि पुष्कळदा हृदय आपणहून ठोका धरतं. कधी ते नुसतं थरथरतं, तेव्हा दोन छोट्या चकत्या थेट हृदयाला लावून १० ते २० जूलचा हलका शॉक देतात. कधी ठोके मंद असतात, त्यासाठी बारीक तारा आधीच शिवून ठेवतात आणि बाहेरच्या पेसमेकरने गती देतात. हे तिन्ही प्रकार नेहमीचे आहेत, यातलं काही झालं म्हणजे बिघडलं असं नाही. ठोका धरला तरी लगेच पूर्ण भार टाकत नाही. पंप चालूच ठेवून हृदयाला सावरू देतो, मग हळूहळू पंप कमी करतो.

धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही, तुम्ही खरं विचारलंय तर खरंच सांगायला हवं. नीट राखलेलं हृदय पुन्हा धडकायला लागतं. चिंता असते ती पुढच्या काही तासांची. थांबून उठलेला स्नायू जिवंत असूनही काही तास, कधी एक-दोन दिवस, सुस्त राहतो. पेशी मेलेल्या नसतात, जोर कमी पडतो, आणि तो परत येतो. तोवर औषधांच्या ड्रिप लागतात, क्वचित मांडीतून महाधमनीत फुगा बसवून आधार द्यावा लागतो. आबांचा ईएफ ४५ आहे, म्हणजे थोडा कमी, फार वाईट नाही. अशा हृदयाला ड्रिपचा आधार थोडा जास्त वेळ लागू शकतो, हे घरच्यांनी आधीच धरून चालावं. आणि जोखमीचा आकडा तुमच्या सर्जनना थेट विचारा. वय, शुगर, किडनी, ईएफ हे सगळं घालून ते तो काढतात, आणि विचारलं की सांगतात.

काकांच्या सूचनेकडे येते. चालत्या हृदयावरचं ऑपरेशन खरं आहे, आणि आपल्या देशात बायपास मोठ्या प्रमाणावर त्याच पद्धतीने होतो. तो नुसता बायपास असतो. कॉरोनरी वाहिन्या हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असतात, तिथला रुपयाएवढा भाग शोषक पायांच्या साधनाने स्थिर धरून टाके घालता येतात. झडप हृदयाच्या आत आहे. हृदय धडधडत असताना महाधमनी उघडली तर रक्ताचा पूर येईल आणि हवा थेट मेंदूकडे जाईल. म्हणून छाती उघडून महाधमनीची झडप बदलायची तर हृदय थांबवावंच लागतं, हॉस्पिटल कोणतंही असो. मांडीतून झडप बसवायची टावी नावाची पद्धत आहे, ती हृदय न थांबवता होते आणि मुख्यतः जास्त वयाच्या किंवा ऑपरेशन न झेपणाऱ्या पेशंटसाठी वापरतात. आबा ६२ चे, त्यात बायपासही हवा, म्हणून सर्जनचा सल्ला मला योग्यच वाटतो. तरी टावी का नको, हे त्यांनाच विचारायला हरकत नाही.

आणि हृदय थांबवणं म्हणजे मुळातच जास्त इजा, हा काकांचा समज मोठ्या अभ्यासाने टिकलेला नाही. १९ देशांतल्या, भारतही त्यात होता, ४,७५२ बायपास पेशंटांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागून पाहिलं: पंपावर आणि पंपाशिवाय. मृत्यू, पक्षाघात, हार्ट ॲटॅक, किडनी निकामी होणं या सगळ्यांची मिळून मोजदाद केली, तर ३० दिवसांनी लक्षणीय फरक नव्हता, पाच वर्षांनीही नव्हता. काका काळजीपोटीच बोलतात. त्यांना बाजूला सारू नका, पुढच्या भेटीला सोबत न्या आणि हा प्रश्न त्यांच्याच तोंडून सर्जनपुढे ठेवू द्या.

अजून एक गोष्ट काकांना पटेल. पुण्याहून मुंबईला ग्रीन कॉरिडॉर करून हृदय नेल्याच्या बातम्या त्यांनी वाचल्या असतील. दात्याचं ते हृदय अशाच द्रावणाने थांबवलेलं, थंड केलेलं असतं, बर्फाच्या पेटीत असतं, आणि साधारण चार तासांच्या आत दुसऱ्या छातीत बसवलं की पुन्हा धडकतं. आबांच्या हृदयाला दीड तास थांबायचंय, तेही टीमच्या डोळ्यांसमोर, मध्ये मध्ये डोस मिळत.

सर्जनना काय विचारावं? अशी झडप-अधिक-बायपास ऑपरेशनं तुमच्याकडे नियमित होतात का. झडप गळते आणि ब्लॉक आहेत, तर प्लेजिया कोणत्या मार्गांनी देणार. गरज पडली तर महाधमनीत बसवायच्या आधाराच्या फुग्याची सोय तिथेच आहे का. रात्री आयसीयूत कोण असतं. हे विचारल्यावर चांगला सर्जन रागावत नाही, उलट कागद ओढून चित्र काढून दाखवतो. उत्तरं पटली तर तिथेच करा, आणखी फिरू नका. चक्कर येऊन पडलेल्या पेशंटची आकसलेली झडप फार वाट पाहत नाही. तोवर आबांनी शेतातलं जड काम, मोळी उचलणं, चढावर सायकल, सगळं बंद ठेवायचं. पुन्हा चक्कर आली, छातीत दुखलं किंवा झोपल्यावर दम लागला तर तारखेची वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं.

बाकी तयारी घरची आहे, आणि ती हृदयाच्या राखणीचाच भाग आहे. तंबाखू आजपासून बंद, मिश्री असेल तर तीही. निकोटीनने वाहिन्या आवळतात, आणि आपल्याला नेमक्या त्याच वाहिन्यांतून द्रावण पोहोचवायचंय. शुगर आटोक्यात आणायची, पण उपाशी ठेवून नव्हे. हिमोग्लोबिन कमी असेल तर आत्ताच सांगा, पंपाच्या नळ्यांत आधी भरलेल्या सलाईनसारख्या द्रावणाने रक्त आणखी पातळ होतं. दात दाखवून घ्या. किडलेला दात नव्या झडपेला जंतूसंसर्ग देऊ शकतो आणि ही तपासणी ऐन वेळी राहून जाते. तीन चेंडूंचं श्वासाचं खेळणं देतील, ते ऑपरेशनआधीच रोज करायला लावा. छाती शिवल्यावर नव्याने शिकणं अवघड जातं.

गोळ्यांबद्दल मात्र काळजीपूर्वक. आबांच्या सगळ्या गोळ्या, गावातल्या वैद्याच्या पुड्या आणि काढेसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. क्लोपिडोग्रेल असेल तर ते साधारण पाच दिवस आधी थांबवतात. ॲस्पिरिन बहुतेकदा चालू ठेवतात. ठोके कमी करणाऱ्या, नावाच्या शेवटी "लोल" असलेल्या गोळ्या मनाने अजिबात बंद करू नका. शुगरच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर आवर्जून दाखवा. या गोळ्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. हे सगळं डॉक्टरांच्या सांगण्यानेच करायचं, माझ्या पत्रावरून नाही.

आईंना आयसीयूत न्याल त्याच्या आधी बाहेरच सांगून ठेवा: तोंडात नळी असेल, बोलता येणार नाही, अंग थंड आणि चेहरा सुजलेला असेल, छातीतून दोन-तीन नळ्या, शेजारी पाच-सहा ड्रिपचे पंप. हात धरला तर चालतो, नर्सला विचारून धरायचा. पाहिल्या पाहिल्या "काळीज कसं चाललंय" हे विचारायचं असेल तर आकडे विचारू नका, एवढंच विचारा: ड्रिप कालपेक्षा कमी केल्या की वाढवल्या? कमी होत असतील तर स्नायू आपला जोर परत घेतोय.

तारीख अजून पुढे असली तरी गोळ्यांची पिशवी उद्याच घेऊन जा. त्यातलं काही थांबवायचं असेल तर दिवस हाताशी हवेत.